माशी

पहिले पाच आठवडे छर्रा नाही.
समोर पांढरी भिंत, हातात किलोभर पिस्तूल,
मागे खुर्चीत दोदोबाई, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
'भिंतीकडे काय बघतेस? ती कुठे जात नाही.
माशीकडे बघ.'

नळीच्या टोकावर बसलेली लोखंडी माशी.
तिच्या दोन्ही अंगांना उजेडाच्या दोन सारख्या फटी,
माथा खाचेच्या काठाशी सपाट.
एवढंच.
एवढंच जमत नाही.

झेस्ताफोनीच्या शाळेचं तळघर हे.
वर बास्केटबॉलचे बूट दणादण,
दाराशी कारखान्याचा धूर येऊन बसलेला.
आणि मी, एकेचाळीस वर्षांची,
पहाटे तीनला मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीला लांबट पाव थापणारी.
कोपरापर्यंत लव जळालेला हा उजवा हात
दिवसाला चारशे पाव चिकटवतो,
एकही विस्तवात पडू देत नाही.
इथे किलोभर लोखंडाखाली
नुकत्याच जन्मलेल्या कोकरासारखा लटपटतो.

मूठ आधी कुणाच्या तरी तळव्याची होती.
अंगठ्याखाली लुकण भरलं, रात्री कानशीने घासलं,
तरी तो कोण होता तो
अजून माझ्या करंगळीला टोचतो.

'थरथर थांबायची वाट बघू नकोस,' दोदोबाई म्हणते,
'ती मेल्यावर थांबते.
तू चाप ओढत राहा,
झोपलेल्या मुलाच्या हातातून कात्री काढतात तसा.'

शेजारी तेक्ले, वय तेरा.
डावा हात खिशात, तोंडात च्युइंगम.
नऊ. दहा. दहा. नऊ.
मध्येच वळून विचारते,
'त्सियाला मावशी, आज पाव गरम आहे का?'

सहाव्या आठवड्यात छर्रा मिळाला.
शिशाचा, कमरेत बारीक, मुंगळ्यासारखा.
पहिला कागदाबाहेर.
दुसरा कागदाबाहेर.
तिसरा लाकडी चौकटीत टक् करून रुतला.
कुठे माशी शिंकली?
दोदोबाईंना ठाऊक होतं :
'काळ्याकडे बघितलंस.'
बघितलं होतं. दहा मीटरवर ते गोल काळं
इतकं माझं वाटत होतं की
एक क्षण जाऊन बघून आले,
तेवढ्यात माशी उडाली.

तेव्हापासून काळं धूसर ठेवते,
ओल्या काचेपलीकडच्या दिव्यासारखं.
तिथे काय व्हायचं ते होवो.
कधीकधी गोळी सुटते आणि मीच दचकते,
मागून बिया फुटायचा आवाज थांबतो,
'हां,' एवढंच ऐकू येतं.

मग कुताइसीची स्पर्धा. चाळीस फैरी.
उजवीकडे जेमाल, पोस्टातून निवृत्त,
डाव्या डोळ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला.
एकोणिसावी फैर.
श्वास अर्धा सोडला. फटी सारख्या. माथा सपाट.
माशी इतकी स्वच्छ की तिच्यावरचा ओरखडा दिसावा.
सुटली. दचकले.
असा दहा आयुष्यात एकदा लागतो, मला कळलं,
कागद जवळ यायच्या आधीच कळलं.

दोरीवरून कागद सरकत आला.
कोरा.
शेजारी जेमाल आपला कागद दिव्याशी धरून उभा,
त्यात दोन भोकं : एक आठाचं, त्याचं,
आणि एक अगदी मधोमध, पोरकं.

पंचांनी वही उघडली. माझ्या नावापुढे शून्य.
जेमालने पुठ्ठा वर सरकवला, दोन्ही डोळ्यांनी मला बघितलं,
आणि स्पर्धा संपल्यावर तो कागद
चार घड्या घालून माझ्या हाती दिला,
चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परत करावं तसा.
मी शेवटून दुसरी आले.
परतीच्या मिनीबसमध्ये दोदोबाई
झुग्दिदीच्या वळणापर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीपाशी
फळीवरच्या कणकेवर एक माशी बसली, खरी.
मी हात उचलला, हाकलायला,
आणि थांबले.
तिचे पाय एकमेकांवर घासताना दिसत होते,
पंखातल्या रेषा दिसत होत्या,
मागे विस्तव नुसता लाल धूर झाला होता.
किती वेळ, कोण जाणे.

आत काहीतरी सुटून पडल्याचा आवाज आला.
नऊ वर्षांतला पहिला पाव
जळाला.